तगरीवरची निळ्या डोळ्यांची अळी

सुचेता गलगलींनी तक्रार केली तेव्हा त्यांना खरोखर राग आला होता.

सकाळी परडी घेऊन त्या खाली उतरल्या आणि बघतात तर पंपघराशेजारच्या तिन्ही तगरींचे शेंडे बोडके. पानं गायब, नुसत्या काड्या उभ्या. खाली फरशीवर मिऱ्यांहून मोठ्या, काळपट हिरव्या लेंड्या विखुरलेल्या. आदल्या दिवशीपर्यंत झाडं भरलेली होती. सुचेताताईंनी परडी तशीच काखेत धरली आणि एकही फूल न तोडता उभ्या राहिल्या.

बंगळुरातल्या हेब्बाळच्या त्या सोसायटीत भिंतीच्या कडेने बिल्डरने लावलेल्या तगरी पुष्कळ होत्या. ही तीन मात्र सुचेताताईंची होती. शहराच्या दुसऱ्या टोकाचं, बनशंकरी भागातलं जुनं घर विकायचं ठरलं तेव्हा दारातल्या तगरीच्या चार फांद्या त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. त्यातल्या तीन जगल्या. घर घेणाऱ्याने पुढे ते पाडून तिथे चार मजले चढवले. त्या रस्त्याला सुचेताताई नंतर कधी गेल्या नाहीत. त्यांचे यजमान अजित सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. ते गेल्यावर एकटीने राहायला नको म्हणून मुलगा ध्रुव त्यांना आपल्याकडे घेऊन आला होता.

सोसायटीची बाग मकरंद बघायचा. हा पुण्याचा, आयटीतला, चाळिशीच्या आतला माणूस. तो फिरायला उतरला होता. सुचेताताईंनी त्याला हाताने थांबवलं.

"मकरंद, हुळू लागलंय बघ तगरीला. सगळं खाऊन टाकलंय. काहीतरी फवारून टाक बाबा."

अळीला बंगळुरात 'हुळू' म्हणतात आणि सुचेताताईंच्या घरात तीन पिढ्या मराठीतही हुळूच म्हणत आले होते. मकरंदने झाडं पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. आदल्या वर्षी सोसायटीतल्या शेवग्यावर केसाळ सुरवंट झाले होते आणि त्याच्या सहा वर्षांच्या भार्गवीच्या मानेवर एक पडला होता. पोरीचं अंग असं सुजलं की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून सुरवंट म्हटलं की मकरंद जराही जोखीम घेत नसे.

"डोन्ट वरी, काकू. मी आजच माणसाला फोन करतो."

संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला. शनिवारी सगळ्या कंपाउंडला फवारणी, मुलांना खाली सोडू नये, खिडक्या बंद ठेवाव्यात. सुनेने, देवश्रीने, फोन समोर धरून सुचेताताईंना तो दाखवला. त्यांना बरं वाटलं.

फोन वाचायला दाखवावा लागे, त्याला कारण होतं. सुचेताताईंना ऐकू कमी येत होतं.

ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. त्यांचं सगळं आयुष्यच ऐकण्यावर गेलं होतं. विशी संपताच त्या टेलिफोन खात्यात लागल्या आणि परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसल्या. कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा, हातात वायरी. मराठी घरातली, कन्नड घराबाहेरची, तमिळ शेजारणीकडून उचललेली, इंग्रजी शाळेतली आणि मार्केटातली दखनी उर्दू, अशा पाच भाषा त्या एका दमात बोलत. सिटी मार्केटातला एक फुलवाला रोज मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, भाव विचारायला मदुरैला फोन लावायचा. तो नंबर सांगतच नसे. नुसतं "अक्का, मदुरै" म्हणायचा आणि सुचेता त्याला जोडून द्यायची. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांचे आवाज ती खोकल्यावरून ओळखायची. कोण उगाच 'अर्जंट' म्हणतोय आणि कुणाचं खरोखर काही अडलंय, हे तिला पहिल्या दोन शब्दांत कळायचं. अडलेल्याला ती आधी लाइन द्यायची. त्याबद्दल तिला वरिष्ठांची बोलणीही बसली होती.

अशा बाईला साठीनंतर ऐकू येईनासं झालं. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. ध्रुवने चांगलं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी चार दिवस वापरलं. त्यातून मिक्सर विमानासारखा ऐकू येई आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी डोकं दुखे. पाचव्या दिवशी ते डबीत घालून कपाटात साड्यांखाली गेलं. "माझ्या कानात खोट नाही," त्या म्हणायच्या, "लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

मग घरातलं बोलणं खुणांवर आलं. चहा? हो. जेवण? नंतर. देवश्री नागपूरची. घरूनच काम करायची आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून कुणाकुणाशी बोलायची. बाहेर आली की तिचा घसा दमलेला असे. मोठ्याने बोललं तर आपण खेकसतोय असं तिचं तिलाच वाटे, म्हणून ती हळूहळू गप्प झाली. दोघी एकमेकींशी चांगल्या वागत होत्या, पण तीन वर्षांत एकमेकींबद्दल त्यांना फारसं काही कळलं नव्हतं.

तर फवारणीला दोन दिवस होते. सुचेताताईंना वाटलं, निदान गुन्हेगार कोण ते तरी बघावं. फवारणारा माणूस आला की त्याला दाखवता येईल, म्हणजे तो औषधही बरोबर आणेल. त्या झाडापाशी बराच वेळ वाकून राहिल्या. काही दिसेना. पानं हिरवी, काड्या हिरव्या. मग त्यातली एक काडी हलली.

ती अळी होती. बोटाएवढी जाड आणि करंगळीहून लांब, अगदी पानाच्या रंगाची. अंगावर दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ, शेपटीपाशी आखूड पिवळं शिंग. सुचेताताईंनी फांदी खाली ओढली मात्र, अळीने पुढचं अंग उचललं, डोकं आत घेतलं आणि पाठीवर दोन निळे डोळे उघडले. मोठे, काळ्या कडेचे, आत पांढुरकी चमक. ते सरळ त्यांच्याकडे बघत होते.

"अय्यो देवा!" म्हणत त्या दोन पावलं मागे सरल्या. मग आजूबाजूला कुणी पाहिलं नाही ना ते बघून एकट्याच हसल्या. घरून लोणच्याची धुतलेली बरणी आणून त्यांनी ती फांदी अळीसकट आत घातली.

लिफ्टमध्ये विश्वेश्वर हिरेमठ भेटले. सातव्या मजल्यावर राहणारे, मूळचे बेळगावचे. कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मराठी उत्तम बोलत, फक्त आवाज बारीक. त्यांनी बरणी पाहिली आणि आपला मजला आला तरी लिफ्टमधून उतरले नाहीत. काहीतरी विचारू लागले. सुचेताताई नुसत्या मान हलवत राहिल्या. शेवटी ते त्यांच्याबरोबर घरीच आले. देवश्रीचं काम नुकतंच संपलं होतं. हिरेमठ बोलायचे आणि ती सासूच्या कानाशी मोठ्याने तेच सांगायची, असं सुरू झालं.

देवश्रीने फोनमधून अळीचा फोटो काढला.

"हे ओलिअँडर हॉक मॉथ दाखवतंय. म्हणजे कण्हेरीवरचा मोठा पतंग."

"बरोबर असेल," हिरेमठ म्हणाले. "तगर आणि कण्हेर एकाच घराण्यातल्या. दोन्हींना चीक असतो आणि हिला तो पचतो. पण ह्याचा एक चुलतभाऊ आहे बघा. तो कदंबावर वाढतो. दोघांत गल्लत होते. तगरीवर सापडली म्हणजे ही कण्हेरीवालीच म्हणायला हरकत नाही. पण माझी सही पाहिजे तर पतंग बाहेर येऊ दे. त्या चुलतभावाच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका असतोय."

"चावते का विचार," सुचेताताई म्हणाल्या.

"नाही."

"खाज? मकरंदच्या पोरीला झालं तसं?"

"अंगावर एक तरी केस दिसतोय काय बघा की. ते शेवग्यावरचं वेगळं. हिला हातावर घेतली तरी काही होत नाही. ते डोळे पण खरे नाहीत. पक्ष्यांना भिववायला आहेत."

"मग ही कीड आहे की नाही?"

हिरेमठांनी चष्मा काढून पुसला.

"पुस्तकात आहे. नर्सरीवाल्यांना फवारणी कशी करायची ते मीच लिहून दिलेलं आहे. त्यांची रोपं एवढी एवढीशी. चार अळ्या आल्या तर माल संपला. त्यांनी काय करायचं? पण तुमची तगर डोक्याएवढी उंच आहे. पानं जातील, महिन्याभरात परत फुटतील. अळीमुळे मोठी तगर मेलेली मी तरी बघितली नाही. आणि हिचा पतंग होतो ना, तो अंधार पडता पडता फुलांवर येतोय. पपईसारख्या झाडांचं परागण असलेच पतंग करतात. तेव्हा कीड म्हणायची की नाही, हे कोण विचारतंय त्यावर आहे."

देवश्रीने हे सगळं सांगेपर्यंत चहा झाला. सुचेताताई बरणीकडे बघत बसल्या होत्या. अळी पानाच्या कडेवरून खाली उतरत ते कातरत होती. एका लयीत, खालपर्यंत जायची आणि परत वर.

"शनिवारी फवारणार आहेत," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मकरंदला गाठलं. तो घाईत होता, गाडीची काच खाली करून बोलत होता आणि मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सुचेताताईंनी त्याला सांगितलं की ही अळी बिनविषारी आहे, खाज आणत नाही, फवारू नकोस. तो काहीतरी बोलला. शेवटी प्रश्न विचारल्यासारखा थांबला. त्यांना वाटलं, तो 'रद्द करू का' म्हणतोय.

"सरी, सरी," त्या म्हणाल्या, कन्नडमध्ये 'बरं, बरं' म्हणतात तसं.

शनिवारी त्यांनी खिडक्या लावल्या नाहीत. दुपारी औषधाचा वास आला तेव्हा वाटलं, शेजारच्या सोसायटीत असेल.

रविवारी सकाळी त्या खाली गेल्या. त्यांची तीन झाडं जशीच्या तशी होती. पण बाकीच्या भिंतीखाली, झाडून काढायच्या आत, हिरव्या अळ्या पडल्या होत्या. काही पिवळट झालेल्या, काही अजून वळवळत असलेल्या. त्यांच्यात मधमाश्या होत्या. एक चतुर होता, पंख पसरून पडलेला. सुचेताताई गेटपर्यंत चालत गेल्या आणि सगळं बघून परत आल्या.

मकरंद खालीच होता. त्यांनी विचारलं तेव्हा तो गोंधळला. मग त्यांच्या जवळ येऊन, सावकाश आणि मोठ्याने म्हणाला, "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं. म्हटलं, तुमची तीन झाडं सोडतो आणि बाकीची करून घेतो, चालेल का? तुम्ही 'सरी' म्हणालात."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं.

घरी येऊन सुचेताताई बाल्कनीत बसल्या. देवश्री चहा घेऊन आली, हाताने 'साखर?' अशी खूण केली. सुचेताताईंनी तिचा हात धरला.

"देवश्री, तो बोलला ते मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही गं."

हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला म्हटलं होतं. देवश्री शेजारी बसली. 'आम्ही केव्हापासून सांगतोय' असं काहीतरी ती म्हणेल याची सुचेताताई वाट बघत होत्या. पण तिने ते म्हटलं नाही. ती उठून आत गेली, कपाटातली डबी घेऊन आली आणि म्हणाली, "उद्या मी अर्धी सुट्टी टाकते. जाऊन येऊ."

दवाखान्यातल्या मुलीने कान तपासले, यंत्र संगणकाला जोडलं आणि म्हणाली की ह्याचा आवाज पहिल्यापासून नको तितका चढवून ठेवला होता. कुणाचंही डोकं दुखलं असतं. तिने तो कमी केला. रोज थोडा थोडा वेळ लावा, आधी घरात, मग बाहेर, असं सांगितलं. परतताना रिक्षात देवश्री सारखं विचारत होती, "आई, हे ऐकू येतंय? आणि हे?" हेब्बाळच्या पुलाखाली गाड्यांचा असा कल्लोळ होता की सुचेताताईंनी कान झाकले, पण यंत्र काढलं नाही.

"तू हळू बोल," त्या म्हणाल्या. "ओरडू नकोस. ऐकतेय मी."

देवश्री हसली आणि मग रिक्षाच्या उघड्या बाजूने बाहेर बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. सुचेताताईंनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

घरातल्या अळीने एव्हाना खाणं सोडलं होतं. तिचा हिरवा रंग जाऊन अंग तपकिरी, पाठ काळपट झाली आणि ती बरणीत गोल गोल फिरू लागली. "मरणार वाटतं," ध्रुव म्हणाला. हिरेमठांनी सांगितलं की ही मरायची नव्हे, कोषात जायची तयारी आहे. मग देवश्रीने ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं खोकं आणलं. त्यात कुंडीतली माती आणि वाळका पाला घातला, एक काटकी तिरकी ठेवली, वर मच्छरदाणीचं कापड बांधलं. अळी पाल्याखाली गेली आणि दोन दिवसांत तिथे एक तपकिरी, चकचकीत कोष पडलेला दिसला.

फवारणीवाल्याने तीन आठवड्यांनी दुसरा हात मारायचं सांगून ठेवलं होतं. सुचेताताई ह्या वेळीही मकरंदकडे एकट्याच गेल्या, पण कानाला यंत्र लावून गेल्या आणि बसून बोलल्या. तो म्हणाला, "काकू, मी एकटा ठरवू शकत नाही. परवा रविवारी मीटिंग आहे. तिथे मांडा."

शनिवारी संध्याकाळी त्या देवापाशी दिवा लावत होत्या, तेव्हा देवश्रीने हाक मारली. खोक्यात काटकीवर एक ओला, चुरगळलेला जीव चढून बसला होता. पंख म्हणजे नुसत्या चिंध्या. दोघी खोक्यासमोर जमिनीवर बसल्या. चिंध्या हळूहळू उलगडत खाली उतरल्या, ताणल्या गेल्या. हिरव्या रंगाच्या किती छटा होत्या! शेवाळ्याच्या, कैरीच्या, जुन्या तांब्यावर चढते तशा. मधून गुलाबी आणि पांढरे पट्टे. पंखाच्या मुळाशी फिकट गोल आणि त्यात काळा ठिपका.

हिरेमठ फोन जाताच चप्पल न घालता वर आले. पंखाचं टोक त्यांनी नीट निरखलं.

"पांढरा ठिपका नाही. घ्या अक्का, सही केली. कण्हेरीवरचाच."

बाहेर उजेड कमी झाला तसा पतंग थरथरू लागला. पंख इतक्या वेगाने कापत होते की दिसेनासे झाले. आणि सुचेताताईंना आवाज आला. बारीक, एकसारखी घरघर. पूर्वी बोर्डावर सगळ्या लाइन्स मोकळ्या असल्या की हेडफोनमधून अशीच एक गुणगुण यायची.

"देवश्री, हा आवाज ह्याचाच ना?"

"हो, आई. अंग गरम करतोय म्हणे उडायच्या आधी."

देवश्रीने कापड काढलं. पतंग क्षणभर तसाच घुमत राहिला, मग उठला, बाल्कनीच्या गजातून बाहेर पडला आणि दिसेनासा झाला. हिरेमठांनी उगाचच दोनदा घसा खाकरला.

मीटिंगला गर्दी होती. लोक आले होते खरं तर पाण्याच्या टँकरसाठी, बागेचा विषय शेवटी होता. मकरंदने आपली बाजू नीट मांडली. सोसायटीत लहान मुलं आहेत, गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपण घरात बसून अळ्यांची ओळख पटवत बसायचं का? सरसकट फवारलं की प्रश्न मिटतो. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. हिरेमठांनी आपलं मत सांगितलं, पण त्यांच्या बारीक आवाजात ते तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. शिवाय कुणीतरी विचारलं, "सर, तुमच्या पुस्तकात ही कीड आहे की नाही?" त्यावर त्यांना "आहे" म्हणावं लागलं, आणि पुढचं कुणी ऐकलं नाही.

तेव्हा सुचेताताई उठल्या. तीन वर्षांत त्या मीटिंगमध्ये कधी बोलल्या नव्हत्या. त्या मागे बसतात आणि हसतात, एवढंच लोकांना माहीत होतं.

"तक्रार माझी आहे," त्या म्हणाल्या. "झाडं माझी खाल्ली. मी ती तक्रार परत घेतेय."

आवाज खणखणीत होता. मागच्या टोकाला फोन बघत बसलेल्यांनीसुद्धा माना वर केल्या. कन्नड येणाऱ्यांना कन्नडमध्ये, दिल्लीहून आलेल्या जोडप्याला हिंदीत, कोपऱ्यातल्या तमिळ आजोबांना तमिळमध्ये, असं एकाकडून दुसऱ्याकडे वळत त्यांनी सगळं सांगितलं. शेवग्यावरचा केसाळ सुरवंट वेगळा. त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पोरांचा जीव आधी. तो शेवग्याच्या खोडावर पुंजक्याने बसतो, तिथल्या तिथे काढता येतो. तगरीवरची अळी कुणाला काही करत नाही. ती पानं खाते, हे खरं आहे. पानं परत येतात.

"आणि जास्तच झाल्या तर?" एकाने विचारलं. "सगळी झाडं बोडकी झाल्यावर?"

प्रश्न त्यांना स्पष्ट ऐकू आला. त्यांनी तो पुन्हा विचारायला लावला नाही.

"मी रोज सकाळी फुलांना जातेच. बघत जाईन. जास्त दिसल्या तर उचलून मागच्या भिंतीशी कण्हेरी आहेत, त्यांच्यावर नेऊन सोडीन. तिथे कोण फुलं तोडतंय? आणि मला जमलं नाही तर मीच येऊन सांगीन, फवारा म्हणून. स्वल्प वेळ द्या, एवढंच."

मकरंद म्हणाला, "काकू, तुम्ही एकट्या कशा बघणार एवढं?"

"मी पण असेन," देवश्री म्हणाली. ती दाराशी उभी होती. कधी आली ते सुचेताताईंना कळलं नव्हतं.

शेवटी ठरलं की तगरींवर सध्या फवारायचं नाही, शेवग्यापुरता माणूस बोलवायचा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर परत बघायचं. सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. एक बाई जाताना म्हणाल्या की हे सगळं जरा अतीच चाललंय. सुचेताताईंना तेही ऐकू आलं आणि त्या बाईंकडे बघून हसल्या.

मकरंदचं मात्र समाधान झालं नव्हतं. चार दिवसांनी तो सकाळी पंपघरापाशी आला. सुचेताताईंच्या हातावर एक मोठी अळी होती, कण्हेरीकडे निघालेली.

"काकू, खरंच काही होत नाही?"

"हात पुढे कर."

त्याने केला, मग मागे घेतला, मग परत केला. सुचेताताईंनी अळी त्याच्या तळव्यावर ठेवली. हा एवढा मोठा माणूस श्वास धरून उभा होता.

"थंड आहे हो," तो जरा वेळाने म्हणाला. "आणि मऊ."

मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. गेल्या वर्षी भार्गवीला घेऊन दवाखान्यात धावलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे, असं तो सांगू लागला. तिचा श्वास अडकला होता, डॉक्टर नीट बोलत नव्हते, गावात आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. सुचेताताईंनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आता काही लागलं तर आधी मला हाक मार. आम्ही इथलेच आहोत." तो अळी घेऊन स्वतः कण्हेरीपर्यंत गेला.

तगरी पुन्हा फुटल्या, पण त्या मोसमात फुलं कमीच आली. परडी अर्धी भरायची. पंपघरामागच्या पपईला फळं धरली. ती पतंगांमुळे की आणखी कशामुळे, हे छातीठोकपणे सांगायला हिरेमठ तयार नव्हते. सुचेताताईंना त्याची फिकीर नव्हती. देवापुढे त्या आहेत तेवढीच फुलं वाहायच्या आणि हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या. एकदा ध्रुवने विचारलं, "एवढं काय मागतेस गं?" तर म्हणाल्या, "मागत नाही रे. मिळालंय ते सांगतेय."

देवश्री खरोखरच रोज सकाळी त्यांच्याबरोबर उतरू लागली. फांद्या वाकवून पानांच्या मागे बघायची, अळी दिसली की आनंदाने हाक मारायची. एका सकाळी काही सापडलं नाही तेव्हा दोघी पंपघराच्या कट्ट्यावर बसल्या.

"देवश्री," सुचेताताई म्हणाल्या, "तू दिवसभर आत बसून करतेस काय, ते मला कधी कळलंच नाही बघ. सांग की."

"आई, बोअर व्हाल."

"होऊ दे. सांग."

देवश्रीने सांगायला सुरुवात केली. तिची कंपनी दवाखान्यांसाठी काम करते. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या रुग्णाचे रिपोर्ट मोठ्या डॉक्टरपर्यंत पोचवायची व्यवस्था ती बघते. कुणाचं खरोखर तातडीचं आहे ते आधी गेलं पाहिजे, म्हणून रोज भांडावं लागतं. सगळेच आपलं अर्जंट म्हणतात.

"मग तुला कसं कळतं, खरं कुणाचं ते?"

हे देवश्रीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग पाय वर घेऊन, सासूकडे तोंड करून ती नीट सांगू लागली. तिच्या पहिल्या मीटिंगची वेळ होऊन गेली आणि वर चहाचं आधण कुणी ठेवलंच नाही.